चाळिशीच्या आत

८ मे
श्रीकांतचा जर्मनीहून फोन. जूनच्या शेवटी येतो म्हणाला. एरवी डिसेंबरात येतो. विचारलं, मध्येच कसा? "सांगायचंय काहीतरी. फोनवर नको बाबा. समोर बसून सांगतो."
सौ. म्हणते, लग्नाचं असेल. मला वेगळंच वाटतंय. लिहून ठेवत नाही, दृष्ट लागायची.

९ मे
लिहितोच. नाहीतर डोक्यात फिरत राहील.
श्री आठवीत होता तेव्हा आमच्या कागद मिलच्या कॉलनीतल्या शाळेत देशमुख सर होते. मला पेपर मशीनच्या दारात गाठून म्हणाले, "चौधरी, गणितातलं एक पदक असतं. चार वर्षांतून एकदा देतात, तेही चाळिशीच्या आतल्यांनाच. तुमचा पोरगा तिथवर जाईल." तेव्हापासून दर चार वर्षांनी मी निकाल बघतो. आधी पेपरात दोन ओळी यायच्या, आता मोबाईलवर सगळं दिसतं.
नियम असा की त्या वर्षीच्या १ जानेवारीला चाळीस पूर्ण झालेले नकोत. श्रीला येत्या नोव्हेंबरात होतील. म्हणजे हीच खेप. पुढची नाही.
आणि दुसरं. ज्यांना मिळणार असतं त्यांना काही महिने आधी गुपचूप कळवतात. कोणाला सांगायचं नाही अशी ताकीद असते. जुलैत जाहीर होतं.
"फोनवर नको बाबा."

१४ मे
वाचनालयाच्या पाठकबाई भेटल्या, फळबाजारात. जुलैत व्याख्यान द्या म्हणाल्या, विषय तुमच्या आवडीचा. मी लगेच म्हणालो, त्या पदकाचा इतिहास. बाई म्हणाल्या, "लोक येतील का हो?" म्हटलं, या वेळी येतील. उगाच बोललो.

२० मे
टिपणं काढतोय. उन्हामुळे दुपारी दुसरं काही होत नाही.
कॅनडातल्या एका प्राध्यापकानं सुरू केलं. गणितज्ञांच्या जागतिक परिषदेचे पैसे उरले होते, त्यातून. त्याची अट होती की पदकाला कुठल्या देशाचं, संस्थेचं, माणसाचं नाव नको. पहिलं पदक द्यायच्या आधी तो वारला. लोकांनी त्याचंच नाव दिलं. आता जगभर त्याच नावानं ओळखतात.
सौ. ला सांगितलं. म्हणाली, "मेल्यावर कोण विचारतंय."
पहिल्या खेपेनंतर महायुद्ध. चौदा वर्षं काहीच नाही. त्या चौदा वर्षांत ज्यांची चाळिशी उलटली त्यांचं काय, हे कुठे लिहिलेलं नाही.

२ जून
महाजन आला होता. शेजारचा, हिंदी पेपरला बातम्या पुरवतो. टेबलावरची टिपणं बघितली. "काका, श्रीकांत का कुछ है क्या? साफ सांगा ना."
मी म्हणालो, शक्यता नाकारता येत नाही. एवढंच. शब्द अगदी हेच होते.

४ जून
पान ३, खालच्या बाजूला, श्रीच्या कॉलेजातल्या फोटोसकट. 'बुरहानपुर के लाल को मिल सकता है गणित का सबसे बड़ा सम्मान'. सूत्रों के अनुसार. सूत्र म्हणजे मी.
सकाळपासून फोन. आमच्या लोधीपुऱ्यात दूधवाल्यानंही पैसे घेतले नाहीत. सौ. विचारते, हे खरं आहे का? म्हटलं, बघू. "बघू काय? छापून आलंय आणि बघू?"
महाजनला रागावलो. म्हणाला, "काका, 'सकता है' लिखा है. सकता है म्हणजे नाहीसुद्धा होऊ शकतं."

११ जून
टिपणं पुढे. रशियातल्या एकानं पदक नाकारलं, घ्यायला गेलाच नाही. आईसोबत राहतो म्हणे. दोघांना त्यांच्या सरकारनं जाऊ दिलं नाही. एकाचं पदक मिळाल्या मिळाल्या चोरीला गेलं, त्याच हॉलमधून, बॅगेसकट. मग दुसरं दिलं. हे व्याख्यानात घ्यायचं, लोक हसतील.
पहिली बाई इतक्या वर्षांनी. इराणची. तीनच वर्षांनी गेली, कॅन्सरनं. चाळीस वय. हे कसं सांगायचं, ठरलं नाही.

२७ जून
श्री आला. स्टेशनवर महाजन हार घेऊन हजर, मी सांगितलं नव्हतं. आणखी पाचसहा जण. श्री डब्यातून उतरला, हाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हार घालून घेतला. रिक्षात काढून मांडीवर ठेवला. "हे काय आहे बाबा?"
"असंच. लोकांचं प्रेम."
बारीक झालाय. दाढी पांढरी दिसते.
संध्याकाळसाठी मिठाईवाल्याकडून दोन किलो दराबा आणून ठेवला होता, वाटायला.

२७ जून, पुन्हा
आत्ता लिहिलं नाही तर उद्या वेगळंच लिहीन.
गच्चीवर झाडांना पाणी घालत होतो. श्री आला, पाइप माझ्याकडून घेऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, माझा तो मोठा लेख. मागे घेतला मी."
कळलं नाही. म्हटलं, मागे म्हणजे?
"त्यात चूक आहे. मधल्या भागात मी लिहिलंय, 'हे उघड आहे की'. ते उघड नाहीये. मला वाटलं होतं, आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला समजावताना अडकलो. आठ महिने तिथेच होतो. नाही जमलं. मार्चमध्ये सगळ्यांना कळवलं."
ज्यावर त्याचं नाव झालं तो हाच लेख. सहा वर्षांचं काम.
मी विचारलं, "दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं होतं?"
"नाही."
"मग?"
"मग काय बाबा? माझ्या लक्षात आलं ना."
मी पाइप त्याच्या हातातून घेतला. तुळशीत एवढं पाणी घातलं की माती वाहून गेली. तो खाली गेला.
सौ. नं दराबा बशीत घालून त्याला दिला. तिला काही माहीत नव्हतं. त्यानं खाल्ला, छान आहे म्हणाला.

२८ जून
बोललो नाही. तोही नाही. सौ. ला त्यानं सांगितलं असावं. ती माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारते, मी पेपर वर धरतो.

३० जून
रागाचं नीट लिहितो.
राग त्याच्यावर नाही, असं म्हणायला आवडेल. पण आहे. गप्प बसला असता तर? कुणाला कळलं असतं? हे मनात आलं आणि गेलं नाही, दोन दिवस बसून राहिलं.
मिलमध्ये मी क्वालिटीत होतो. कागद कच्चा निघाला की अख्खं रीळ परत लगद्यात टाकायला लावायचो. शिफ्टवाले शिव्या घालायचे, त्यांचं उत्पादन बुडायचं. मी ऐकायचो नाही. हे सगळं आत्ता, दाढी करताना आठवलं. गच्चीवर का आठवलं नाही?

१ जुलै
सकाळी त्याला म्हणालो, "त्या इंग्रजाचं झालं होतं बघ. साडेतीनशे वर्षांचा प्रश्न सोडवला, जाहीर केलं, मग फट निघाली. वर्षभरात बुजवली त्यानं. तोवर चाळिशी उलटलेली. तरी चार वर्षांनी खास चांदीची पट्टी दिली त्याला."
श्री चहा पीत होता. म्हणाला, "बाबा, त्याची बुजली."
मग हसला. "तुम्हाला सगळं पाठ आहे हो. मला पण नाही एवढं."
"सत्तावीस वर्षं वाचतोय."
"माहीत आहे," म्हणाला. "मला पहिल्यापासून माहीत आहे."
हसतच म्हणाला. पण मला ते लागलं. मी आजवर कधी त्याच्यासमोर पदकाचं नाव काढलं नव्हतं, एकदाही नाही. मला वाटायचं त्याला कळत नाही.

३ जुलै
सौ. म्हणाली, "तो येतो तेव्हा तुम्ही कामाचं विचारता, पहिलं वाक्य तेच. नवीन काय सिद्ध केलं? मी जेवलास का विचारते. दोघंही तेच तेच विचारतो. पण माझ्या प्रश्नाला तो हो म्हणू शकतो."
सुपारी आणायला बाहेर पडलो.

६ जुलै
त्याचं पुढचं विचारलं. तिथल्या नोकरीचा करार सप्टेंबरात संपतो. वाढवतील की नाही, नक्की नाही. लेखानंतर लोक नीट वागतात म्हणाला. "फार नीट. तेच जड जातं."
परतीचं तिकीट १ ऑगस्टचं आहे.

१२ जुलै
व्याख्यान रद्द करा असं पाठकबाईंना सांगायला निघालो होतो. श्री म्हणाला, "का? मी येतो ना ऐकायला."
"लोक तुझं विचारतील."
"मग विचारू दे."

१८ जुलै
व्याख्यान झालं. हॉल भरला, त्या बातमीमुळे. पंखे दोनच चालू. श्री शेवटच्या रांगेत, खांबाजवळ.
उरलेले पैसे, नाव नको म्हणणारा माणूस, युद्ध, चोरी, सगळं सांगितलं. चोरीला हसले. इराणच्या बाईंचं सांगताना मध्येच पाणी प्यायलो.
प्रश्न विचारा म्हटल्यावर महाजन उभा राहिला, मला वाटलंच होतं. "काका, अपने श्रीकांत का क्या? सगळे तेच ऐकायला आलेत."
रात्रीपासून उत्तर तयार होतं, गोलमाल. ते आलं नाही. म्हणालो, "त्याला मिळणार नाही. ती बातमी माझ्यामुळे आली, ती चुकीची होती. त्याचा एक मोठा लेख होता. त्यात चूक आहे हे त्याचं त्यालाच कळलं, आणि त्यानं जगाला कळवून तो मागे घेतला. हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. पहिले काही दिवस मी त्याच्याशी बोललो नाही."
शेवटचं वाक्य कसं निघालं, माहीत नाही. पाठकबाई आभारासाठी उठू लागल्या.
तेवढ्यात निंबोल्याचे एक केळीवाले, नंतरच्या भजनासाठी आधीच येऊन बसलेले, बसल्या जागेवरूनच म्हणाले, "साहेब, एक सांगा. ज्याले भेटत नाही, तो मंग काय करतो?"
मी मागे बघितलं. श्री उभा राहिला. म्हणाला, "तेच करतो दादा. सकाळी उठून परत तेच."
"हां," केळीवाले म्हणाले. "मंग ठीक आहे."
लोक हसले, श्रीही. महाजन घरापर्यंत सोबत आला. दारात श्रीला म्हणाला, "भाऊ, सॉरी यार."

२३ जुलै
आज जाहीर झालं. समारंभ होता तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. श्रीच्या लॅपटॉपवर तिघांनी बघितलं, सौ. शेंगा सोलत. नावं पुकारली. एका नावाला श्रीनं एकट्यानं टाळ्या वाजवल्या, जोरात. ओळखीचा आहे, एकत्र जेवायचे. लगेच फोन लावला, लागला नाही. मेसेज लिहीत बसला.
मी त्याच्याकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. शोधत होतो काहीतरी चेहऱ्यावर. दुःख म्हणा. नव्हतं. किंवा मला ओळखता आलं नाही.
सौ. म्हणाली, "ती मुलं किती थकलेली दिसतायत."

२६ जुलै
श्रीला मेल. जपानमधली एक गणितज्ञ बाई, आधीची ओळख नाही. तिनं मागे घेतलेला लेख पूर्ण वाचलाय. तिचं म्हणणं, त्या अडलेल्या जागेच्या आधीचा भाग तेवढा घेतला तर एक छोटी गोष्ट सिद्ध होते. मोठी नाही, पण खरी. मिळून लिहू या का, असं विचारलंय.
"काय कळवलंस?"
"अजून काही नाही." मग म्हणाला, "छोटी म्हणजे फारच छोटी आहे बाबा."
दिवसभर गच्चीवर. दोनदा जेवायला हाक मारावी लागली.

२७ जुलै
इथल्या एका कॉलेजात गणिताला कायमचा माणूस नाही. पाठकबाईंनी तिथल्या प्राचार्यांशी बोलून ठेवलंय, श्रीला न विचारता. श्री रागावला नाही. भेटून आला. म्हणाला, "मुलं चांगली आहेत. फळ्यावर लिहायला खडू नव्हता, एकीनं पर्समधून काढून दिला."
सौ. चा चेहरा बघण्यासारखा. लगेच पुरण घातलं.

३० जुलै
संध्याकाळी श्रीबरोबर राजघाटावर. तापी भरलेली, गढूळ. पायऱ्या बऱ्याच पाण्याखाली. वरच बसलो.
म्हणाला, "बाबा, एक विचारू? खरं सांगा. मी परत जाऊ की इथे राहू?"
हा प्रश्न त्यानं मला कधी विचारला नव्हता. अकरावीला कुठे, एम.एस्सी. कुठे, परदेश, सगळं मी न विचारताच सांगितलं होतं. उत्तर कायम तयार असायचं.
आज नव्हतं. राहा म्हणावं तर सौ. साठी म्हणतोय की माझ्यासाठी? जा म्हणावं तर कशासाठी? चाळिशी तर आली.
म्हटलं, "मला माहीत नाही रे."
तो म्हणाला, "बरं वाटलं."
"कशाचं?"
"असंच. तुम्हाला पण माहीत नाही याचं."
येताना हँडलूमच्या गल्लीतून आलो, मागांचा आवाज चालू होता. तो पुढे, मी मागे. चालता चालता सांगत होता, ती छोटी गोष्ट काय आहे ते. दोन वाक्यं समजली. तिसऱ्याला थांबवलं, म्हटलं, हे परत सांग. त्यानं परत सांगितलं.

३१ जुलै
बॅग काढलीय, उघडी पडलीय पलंगावर. त्यात काही भरलेलं नाही. सौ. विचारते, लोणचं बांधू का? मी म्हटलं, त्यालाच विचार.
तो गच्चीवर आहे. लिहितोय. कॉलेजला की जपानला, वर जाऊन बघितलं नाही.