दाजींच्या खुर्चीवरून धुराचा लिलाव

भट्टीची धग सोसून वर सरकारी नियमांचे चटके खाणाऱ्या तमाम कारखानदार बंधूंनो! (माफ करा, दाजी. कागद समोर आला की माझा हात आपोआप व्यासपीठावर चढतो. पण गाऱ्हाणं आपलं एकच आहे, म्हणून खोडत नाही.)

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. कंबर कशी आहे? ताई म्हणाली, "पडल्यापडल्या सगळ्या घराला कामाला लावलंय." त्यावरून दुखण्याला उतार पडला असं समजतो.

तर तुमच्या बाटल्यांच्या कारखान्याचा प्रतिनिधी म्हणून मी सरकारच्या धूर-परवान्यांच्या लिलावाच्या रंगीत तालमीला जाऊन आलो. तुमचा हुकूम होता, "तू बोलायला लागलास की माणसं उठून जातात, तेवढं तिथं कर." मी तयारीनिशी गेलो. लांबट खोली, ओल आलेली भिंत, प्रत्येकापुढे एक संगणक. लिलावाची आखणी करणाऱ्या बाई किरकोळ अंगाच्या, आवाज असा की पहिल्या रांगेनेही कान टवकारावेत. त्यांनी समजावलं, एक परवाना म्हणजे एक टन कार्बन वायू हवेत सोडायची मुभा. परवाने मोजकेच, आणि दरवर्षी आणखी कमी. मी उठून गर्जलो, "आभाळ विकायला काढता? ते काय तुमच्या बापाचं आहे?" टाळ्या पडल्या. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि आजवर तुम्ही फुकट वापरलंत, तेव्हा ते कुणाच्या बापाचं होतं?" दाजी, एवढ्या सभा गाजवलेला मी, खाली बसून शाळकरी पोरासारखी वही उघडली. (हे ताईला सांगू नका. जन्मभर ऐकवेल.)

मग तालीम सुरू झाली. प्रत्येकाने गुपचूप लिहायचं, परवाने किती हवेत आणि एकेकाला जास्तीत जास्त किती मोजाल. सर्वांत वरच्या बोलीपासून वाटत खाली यायचं आणि जिथे परवाने संपतील ती बोली सगळ्यांचा भाव. चहाच्या सुट्टीत आपल्या कारखानदार संघाच्या चिटणिसाने आणि तुमच्या शेजारच्या पत्रेवाल्याने बाकीच्यांना हात धुवायच्या जागी गाठून मसलत केली की, सगळ्यांनी कवडीमोल बोली लावायची. मला पत्ताच नाही, कारण मी चहावाल्याला यंत्रयुगाचा इतिहास सांगत होतो. (वाफेच्या इंजिनापर्यंत आलो आणि तो किटली तिथेच टाकून गेला.) त्यामुळे तुमच्या इभ्रतीला शोभेल असा, बघणाऱ्याचे डोळे पांढरे होतील असा आकडा मी ठोकून दिला. नंतर खोलीभर कवडीमोल बोलीची कुजबुज ऐकली आणि म्हटलं, बुडाली दाजींची भट्टी.

निकाल लागला. बाईंनी एक किमान भाव पाकिटात बंद ठेवला होता. त्याखालच्या बोलीला परवाना नाही. कवडीवाले झाडून सगळे रिकाम्या हाताने, त्यांच्या वाट्याचे परवाने परत कपाटात! पात्र बोली माझी एकट्याची, आणि परवाने संपलेच नाहीत, म्हणून माझा भाव तो किमानच. सर्वांत उंच ओरडलो आणि किमान भावात सुटलो! पत्रेवाला म्हणाला, "याला आतून कुणीतरी सांगितलं." मला आतून, बाहेरून, कुठूनच काही कळलं नव्हतं.

दाजी, माणसांनी खरं बोलावं म्हणून मी आयुष्यभर घसा फोडला. ग्रंथ पालथे घातले, क्रांत्या तोंडपाठ केल्या. या बाईंनी आवाजही न चढवता नुसते नियम असे रचले की लबाडीतला नफाच निघून गेला. दुसऱ्या फेरीत तीच मंडळी माना खाली घालून आपापल्या भट्टीचा विचार करू लागली. धूर कमी करणं स्वस्त की परवाना स्वस्त? ज्याला कमी करणं जमेल तो भट्टी सुधारणार, ज्याला जमत नाही तो मोजणार, पण एकूण धूर ठरल्याहून एक टनही वर नाही. कुणी दटावलं नाही, घोषणा दिली नाही, आणि पडद्यावर एक भाव उमटला. त्या खोलीतल्या कुणालाच तो आधी ठाऊक नव्हता, आणि तो सगळ्यांनी मिळून लिहिला होता. मला टाळी वाजवायचंही सुचलं नाही.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना न मागितलेला उपदेश.

घसा बसलेला आणि डोळे उघडलेला,
तुमचा मेहुणा

ता. क. भाषण मी शेवटी केलंच. लिलावाच्या बाजूने. तुमच्या नावाने. चिटणिसाचा फोन येईल; शिव्या माझ्यापासून सुरू होतील, मग तुमच्याकडे वळतील.

आणखी एक ता. क. खरं काम हे. सोमवारच्या सभेत संघापुढे ठराव येणार आहे की सरकारने परवाने लिलावाऐवजी फुकट वाटावेत, आजवर ज्याने जितका धूर सोडला त्या प्रमाणात. 'फुकट' म्हटलं की तुम्ही विरघळता, म्हणून स्पष्ट लिहितो. ताईचं घर गहाण टाकून तुम्ही नवी भट्टी बसवलीत, धूर निम्म्यावर आणलात. म्हणजे तुम्हाला चिमूटभर, आणि काळं तेल जाळणाऱ्या पत्रेवाल्याला गाडाभर! उद्या मोठी ऑर्डर आली की जादा परवाने विकत घ्यायला तुम्ही त्याच्याच दारात. लिलावात मात्र दोघांना भाव एकच, आणि जास्त परवाने घ्यावे लागतील ते त्याला. मतं दोन्हीकडे सारखी आहेत, तुमच्यावर अडलंय. तुम्ही गप्प बसलात तर ताईचं घर पत्रेवाल्याच्या धुरात गेलं समजा. सोमवारी सभेला जा, आणि "लिलाव कुणाला हवा?" असं विचारताच, इकडेतिकडे न बघता, हात वर करा.