मुंग्या यायच्या थांबल्या

माय, तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला? धाकटीच्या पायांवरची सूज उतरली का, अन् तिथं तिला सुई कोण टोचतं? इकडे आम्ही सारे बरे आहोत असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी एकदा खोटं बोललो तेवढं पुरे.

तुझ्या धाकट्या लेकीला लहानपणापासूनची शुगर. महाराष्ट्र झाला त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतली गोष्ट. घरात फ्रीज नव्हता, इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात. साकोलीला तपासणी महिन्यातून एकदा. मधल्या दिवसांचा अंदाज तू मुंग्यांवरून बांधायचीस. भर दुपारी पदर खोचून नहाणीपाशी वाकायचीस, धाकटीच्या लघवीला किती मुंग्या लागल्या ते पाहायचीस. जास्त असल्या की सुई वाढव, कमी असल्या की घटव. सिरिंजवरच्या रेघा मी आपल्या आपणच वाचायला शिकलो होतो, म्हणून टोचायचं काम माझं. मग एका उन्हाळ्यात मुंग्या येईनाशाच झाल्या. सुई निम्म्यावर आली. सकाळी धाकटीचा चेहरा भरलेला दिसे. शेजारीण म्हणाली, "पोरीनं तब्येत धरली वो!" तू म्हणालीस, "नजर नको लावू, बाई." धाकटी हसली, "मंग आता मले जिलेबी चालते का?" वैशाख पौर्णिमेला तू विहारात खीर वाटलीस. दोन महिन्यांनी धाकटी गेली, अन् वर्षभरात तू.

आता माझ्या नातीलाही तीच शुगर आहे, सातव्या वर्षापासून. एकोणीस वर्षांची झाली. तिच्याकडे मशीन आहे, मुंग्या पाहाव्या लागत नाहीत. मागच्या महिन्यात सूनबाई आनंदानं सांगत आली, "आबाजी, पोरीची सुई कमी कमीच होऊन राहिली!" मी हातातला घास ताटात ठेवला अन् हात धुवायला उठलो. दुसऱ्या दिवशी दुपारी नात ओसरीवरून विचारते, "आबाजी, नहाणीपाशी थे बुढी वाकून काय पाहून राहिली?"

"कोनती बुढी?"

"थे का, पदर खोचलेली."

मी गेलो. कोणी नव्हतं. ऊन, ओला दगड, अन् एकही मुंगी नाही. तुझा फोटो तिनं पाहिलेला नाही, माय. तो आपल्याकडे नाहीच. त्याच दुपारी तिला भंडाऱ्याला नेलं. किडन्यांना इजा झालीच आहे, पण डॉक्टरीण म्हणाली, उरलेलं वाचवता येईल, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून उशीखाली ठेवतो. एक मात्र सांगतो. धाकटीच्या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं: किडन्या थकल्या की इन्सुलिन अंगातच रेंगाळतं, म्हणून शुगर उतरलेली दिसते; लघवीला फेस येणं ही त्याची आधीची खूण. तू बाहेर बाकावर होतीस. "काय म्हन्ते रे डॉक्टर?" मी म्हणालो, "शुगर बरी झाली म्हन्ते, हे दुसरंच काही आलं." तुला वाईट वाटू नये म्हणून नव्हे. तिच्या लघवीला फेस येताना मी खिरीच्या आधीच पाहिला होता, अन् गप्प राहिलो होतो; ते झाकलं. धाकटीला हे कळलं का? काय म्हणाली ती? स्वतः येऊ नकोस, पोर घाबरते. पण लवकर लिही.