शेळी कधीच नव्हती

योग्याकर्ता,
१३ ऑगस्ट २०१९, मंगळवार क्लिवन

प्रिय सिमबोक,

तुझ्या गुडघ्यांवर डोकं टेकून नमस्कार.

"सापडलेलं पोर परत देताना मागे वळून बघायचं नसतं." अडतीस वर्षांपूर्वी माझी वेणी घालता घालता तू हे म्हणाली होतीस. मी सात वर्षांची. विचारलं, "कुणी बघायचं नसतं? पोरानं की देणारीनं?" तू रिबीन जोरात ओढलीस. "दोघींनी. मान सरळ ठेव."

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. चष्मा लाव, आणि सेप्तीला वाचायला देऊ नकोस. ती मध्ये मध्ये स्वतःच्या मनाचं घालते. "मला वाचता येत नाही" हे कारण माझ्याकडे चालणार नाही. पहिलीच्या पुस्तकावरून तुला अक्षरं मीच शिकवली आहेत. तुझा 'र' तेव्हा कुबड आल्यासारखा यायचा.

तिकडे पाण्याचं कसं आहे? टँकर येतो का वेळेवर? अंगणात सागाच्या पानांचा खच पडला असेल. वाकून झाडू नकोस, लांब दांड्याचा झाडू आणून दिला होता तो वापर. (वापरत नाहीस, माहीत आहे. सेप्तीनं सांगितलं, त्यावर मिरच्या वाळत घालतेस.) इथे सगळे बरे आहेत. आई जानेवारीपासून माझ्याकडे राहते. तिचा गुडघा गेला आहे, जीभ शाबूत आहे.

सोबत आठ पानं आहेत. जूनमध्ये मी आणि माझी सहकारी रातिह तुझ्या ओसरीवर बसून जे विचारलं आणि तू जे सांगितलंस, ते सगळं त्यात आहे. आमच्या कामाचा नियम असा की ज्यानं सांगितलं त्याला लिहिलेलं परत दाखवायचं. त्यानं वाचायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं, मग सही. ज्यांच्या आया परदेशी कामाला गेल्या आहेत ती मुलं स्वतःला कोण समजतात, ताण आला की काय करतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका तो कसा निभावतात, एवढं आम्हाला समजून घ्यायचं होतं. सेप्तीची आई यातिनी तैवानला कामाला, सेप्ती तुझ्या सांभाळात, म्हणून तुम्ही दोघी यादीत आलात. तू चौदा नंबर.

त्या दिवशी तू मला म्हणालीस, "बसा बाईसाहेब. उन्हाचं आलात." उकडलेला कसावा पुढे ठेवलास, तोही दोन्ही हातांनी, पाहुण्यांना देतात तसा. मला अहो-जाहो. गावच्या मुखियाशी बोलावं तसं अदबीचं. रातिह मोटारीत म्हणाली, "किती गोड म्हातारी! तुझ्या ओळखीची आहे का गं?"

मी म्हणाले, "लहानपणी त्या गावात होते थोडे दिवस."

सात वर्षं, सिमबोक. त्यांना मी थोडे दिवस म्हणाले.

आता पान तिसरं काढ. ते मी इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं आहे.

मी: मुलं किती?
तू: नाहीत.
मी: आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ कोणता?
तू: शेळी गेली तो.
मी: कधी गेली?
तू: एक्क्याऐंशी साली. मोठ्या सुट्टीनंतर.
मी: मग तुम्ही काय केलंत?
तू: अंगण झाडलं.
मी: किती दिवस?
तू: अजून झाडते की. बाईसाहेब, कसावा गार होतोय.

पहिल्या उत्तरापुढे मी शून्य लिहिलं. शेळीपुढे लिहिलं, 'पाळीव जनावराची हानी'. अंगण झाडण्यापुढे, 'नित्याच्या कामात मन गुंतवणे'. माझा हात भरभर चालला. बावीस वर्षांची सवय आहे त्याला.

सिमबोक, तुझ्याकडे शेळी कधीच नव्हती. तुला वास सहन व्हायचा नाही. शेजारच्या कार्योची शेळी कुंपणापाशी आली तरी तू नाकाला पदर लावायचीस, आणि सगळी आळी तुला चिडवायची, "पाइनेम शेळीला घाबरते, वाघ आला तर विडा देईल." आपल्या घरातून एक्क्याऐंशी साली मोठ्या सुट्टीनंतर एकच जीव गेला. लाल रिबीन बांधून गेला.

हे मला तिथेच, ओसरीवर, कसाव्याचा घास तोंडात असताना कळलं होतं. तरी मी पुढचा प्रश्न विचारला.

माझी गोष्ट तू मला लहानपणी रोज सांगायचीस, भात गिळावा म्हणून. ती तुझ्याकडून जशी ऐकली तशी लिहिते. चुकलं तर हीसुद्धा दुरुस्त कर. आई मंगळवार क्लिवनची, मी मंगळवार क्लिवनची. पस्तीस दिवसांतून एकदा येणारा वार, तो नेमका दोघींचा. एका वाराच्या मायलेकी एका छपराखाली राहिल्या तर एक दुसरीचं आयुष्य खाते. म्हणून आजीनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे तू झाडू घेऊन आलीस आणि ओरडलीस, "अगं बाई, हे कुणाचं पोर?" सगळे म्हणाले, आमचं नाही. तू उचललंस. नाव ठेवलंस तेमू, सापडलेली. संध्याकाळी तांबडी-पांढरी खीर वाटून मला परत द्यायचं होतं, खेळ संपायचा होता. पण त्याच संध्याकाळी आईला ताप भरला, आणि आजी घाबरली. म्हणाली, दुधाचे दात पडेपर्यंत पोर पाइनेमकडेच राहू दे. तुलाच मी सिमबोक, आई, म्हणायला शिकले. परत नेताना आईनं तुझ्याकडून एक वचन घेतलं: यापुढे हिला कधी 'माझी' म्हणायचं नाही. म्हटलंस तर टाळलेलं संकट पोरीच्या मागे परत लागेल.

वचनाचं मला तेव्हा माहीत नव्हतं, ते आईनं आत्ता सांगितलं. ईदला आई मला घेऊन यायची तेव्हा तू मला 'न्दुक', पोरी, म्हणायची थांबली होतीस, अहो-जाहो करायला लागली होतीस. मला वाटलं तू विसरलीस. मग मीही विसरायला घेतलं. शहरातल्या शाळेत मुली "उकिरड्यावरची, उकिरड्यावरची" म्हणून नाचायच्या, त्यामुळे विसरणं सोपं गेलं. मोठी झाले, शिकले आणि लोकांच्या मुलांना विचारत सुटले, तू स्वतःला कोण समजतोस, तू स्वतःला कोण समजतेस. चांगली नोकरी मिळाली त्यावर.

आता कठीण तेवढं लिहिते.

शेवटच्या पानावर, तुझ्या सहीच्या जागेखाली, एक ओळ माझ्यासाठी असते. 'संशोधकाचं या व्यक्तीशी नातं'. आमच्यात नात्यातल्या माणसाची मुलाखत घेता येत नाही. नातं असेल तर लिहायचं आणि दुसऱ्याला पाठवायचं. मी लिहिलं, 'नाही', आणि सही केली. तू 'नाहीत' म्हणालीस ते मला वाचवायला. मी 'नाही' लिहिलं ते कुणाला वाचवायला? हे मी दोन महिने स्वतःला विचारते आहे. मला तुझ्यासमोर बसायचं होतं, हे खरं आहे. तासभर, हातात कागद असताना, म्हणजे तू मला उठवणार नाहीस आणि मला रडू येणार नाही. हेही खरं आहे की रातिहसमोर मला उकिरड्यावरची व्हायचं नव्हतं.

सेप्तीच्या कागदानं मला पकडलं. मुलांना आम्ही दहा ओळी देतो, प्रत्येक ओळ 'मी'नं सुरू करायची. बहुतेक मुलं चौथ्या ओळीत अडकतात. तुला म्बाह, आजी, म्हणणाऱ्या सेप्तीनं लिहिलं:

मी यातिनीची मुलगी आहे.
मी म्बाह पाइनेमचीपण मुलगी आहे.
मी हे दोघींना सांगितलं आहे, भांडण झालेलं नाही.
मी केळ्याची भजी फार छान करते.

पंधरा वर्षांची पोर! मी माझ्या टेबलावर तोच कोरा कागद घेऊन बसले. पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. लिहिली मात्र. सेप्तीसारखी, 'पण'सकट.

मग आईला तुझं तिसरं पान वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. "शेळी म्हणे!" म्हणून आधी खूप हसली. मग शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, "मी तुला न्यायला आले तेव्हा ती अंगण झाडत होती. एकदाही वर बघितलं नाही. मला वाटलं, सुटली बिचारी, लोकाचं पोर सांभाळून कंटाळली असेल. रिक्षा वळली तरी झाडूचा आवाज येत होता." ताट परत पुढे ओढलं आणि म्हणाली, "स्वच्छ अंगण होतं गं ते. झाडायला काही नव्हतंच."

तिनं तुला निरोप दिला आहे, शब्दाला शब्द लिहायला लावला आहे: "पाइनेम, भीती माझी आणि सासूबाईंची होती, ती तुझ्या गळ्यात बांधली. आता आठ महिने आम्ही दोघी मंगळवार क्लिवनवाल्या एका छपराखाली आहोत. भांडण होतं ते आमटीतल्या मिठावरून. कुणी कुणाला खाल्लेलं नाही. वचन मी घेतलं होतं, ते मीच सोडते."

आज आमचाच वार आहे. सकाळपासून घरात तांबडी-पांढरी खीर शिजते आहे. आई चुलीपाशी स्टुलावर बसून हुकूम सोडते आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. वर नियम आणि सहीचं लिहिलं ते अर्धंच खरं आहे. गेल्या आठवड्यात मी विद्यापीठातल्या समितीपुढे जाऊन सगळं सांगितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विचारलं, "इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवता ना हे?" मी हो म्हणाले. लेखी ताकीद मिळाली. तुझी मुलाखत अभ्यासातून काढून टाकली, सेप्तीची रातिहकडे गेली. रातिहला मी आधीच सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मग पुढच्या वेळी मला भजी खायला घेऊन चल, कागद नको." माझ्या त्या ओळीतला 'नाही' मी सगळ्यांसमोर खोडला, वर 'मुलगी' लिहिलं आणि तारीख घातली. फार हलकं वाटलं, सिमबोक. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली, पण नंतर.

म्हणजे चौदा नंबर आता नाही. हे कागद कुणाच्याही कामाचे उरलेले नाहीत, फक्त तुझ्या आणि माझ्या.

तिसऱ्या पानावरचं शून्य मी खोडलेलं नाही. अक्षर माझं असलं तरी उत्तर तुझं आहे, ते बदलायचा हक्क मला नाही. पाकिटात पेन्सिल घातली आहे. तू नाही म्हणशील. म्हणशील, बाईसाहेब, लिहिलेलं खोडू नये. आईनं वचन सोडलं तरी संकटानं ते ऐकलं असेल कशावरून, असंही म्हणशील. तुला ओळखते मी. तुझ्या जागी, माझ्या मुलासाठी, मीही पेन्सिल परत पाठवली असती.

तरी मागते. ते शून्य खोड, आणि शेजारी तुझ्या हातानं खरा आकडा लिही.

मान वळवून बघत असलेली
तुझी
तेमू