पिसिलाची परवानगी

प्रिय लेसिएली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, या भीतीने पत्ता मी आत्याकडून लिहून घेतला. ही लबाडी पहिल्याच ओळीत कबूल करून टाकतो. पुढे ज्या कबुल्या येणार आहेत त्यांच्या मानाने ही किरकोळ आहे.

मी सध्या भोपळ्यांच्या गोदामात आहे. शेतांतून ट्रक येतात, आम्ही भोपळे पुसतो, लहानमोठे वेगळे करतो आणि ते जपानच्या जहाजावर चढतात. मुकादम म्हणतो, हा केलेपी एखाद्या दिवशी भोपळ्याशीसुद्धा भांडण उकरून काढेल. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सोडलं हे तुला कळलंच असेल. लोकांना सांगतो की प्राचार्य हजेरीवरून नको ते बोलले, म्हणून वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघालो. आपटली हे खरं. पण ते बिचारे नेहमीचंच बोलले होते. मला त्या दिवशी कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि तू तर आदल्याच दिवशी व्हावाऊ बेटाच्या बोटीने निघून गेली होतीस.

तू तिथे तिसरीच्या वर्गाला शिकवतेस, शाळेच्या मागेच समुद्र आहे, असं आत्याने चर्चमध्ये ऐकून आणलं. तिने ते आनंदाने सांगितलं. आत्ता तू ब्रिस्बेनला असायला हवी होतीस. तुझी तिथल्या विद्यापीठातली जागा तुझ्या त्या लेखावर अवलंबून आहे हे मला फार नंतर कळलं, असं मी या पत्राच्या पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. ते खोटं आहे. मला तेव्हाच माहीत होतं.

ते शनिवार तुला आठवतात का, की मुद्दाम विसरलीस? विशेष शिक्षणाच्या सेंटरच्या पत्र्याखाली बायका लांब पाटाच्या दोन्ही बाजूंना बसायच्या, झाडाच्या सालीचं कापड पक्ष्यांच्या ठशांवर ताणून त्यावर तपकिरी रंग घासायच्या, आणि खालचे पक्षी हळूहळू वर उमटायचे. मी बादल्या वाहायचो, ओली साल उचलून द्यायचो. कुणीतरी म्हणायचंच, हा पोरगा साल धुवायला येतो की लेसिएलीला बघायला? आणि तू मान खाली घालून वहीत लिहीत राहायचीस. त्या वहीसाठीच तू येत होतीस, आणि मी वहीच्या मालकिणीसाठी. आमची पिसिला मात्र कामासाठी येत होती. आमच्यात तेवढी एकटीच.

उमटलेल्या पक्ष्यांवरून गडद रेषा ओढायचं काम तिचं. मोठा घास तोंडात असल्यासारखी जीभ गालात धरून ती रेषा ओढायची, आणि प्रत्येक पट्ट्यात एक पक्षी फिका सोडून द्यायची. बायका म्हणायच्या, अगं बाई, हा राहिला की! आणि पटकन भरून टाकायच्या. ती दुसऱ्या पट्ट्यात पुन्हा एक सोडायची. शेवटी तू विचारलंस. आम्ही एवढे घरचे, कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “तो दमलाय. बसलाय.” त्यानंतर आत्याने फर्मान काढलं की पिसिलाच्या पक्ष्याला कुणी हात लावायचा नाही. आणि महिन्याभरात बायकाच तिला विचारायला लागल्या, आज कुणाला बसवायचं गं? तू तेच लिहिलंस. सेंटरमध्ये शिकवतं कोण आणि शिकतं कोण, हे. कला आणि विशेष शिक्षण यांवरच्या त्या ऑस्ट्रेलियातल्या नियतकालिकाकडे लेख पाठवताना तू एक प्रत नावांसकट केलीस आणि एक नावं काढून, म्हणजे तपासणाऱ्यांना कळू नये कुणी लिहिलंय. दोघा तपासनिसांनी होकार दिला. एकाने तर आणखी फोटो मागितले. तू कागद हलवत सेंटरमध्ये धावत आलीस, आणि बायकांनी त्या दिवशी मांस पानांत गुंडाळून भट्टीत जास्तीचं लू लावलं.

नावांसकटची प्रत मी त्या दिवशी प्रथम पाहिली. तुझं नाव, आणि त्याखाली ग्रँटचं. तो ब्रिस्बेनहून आलेला तुझा मार्गदर्शक, सहा आठवडे राहिला, उन्हाने लाल झाला, फोटो काढले आणि तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून तुझं लिखाण वाचत बसला. माझं नाव शेवटच्या पानावर, आभारांत, पाट देणाऱ्या चर्चच्या खालोखाल. मी तुला काय काय बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. तू शांतपणे म्हणालीस की वर्ग बुडवू नकोस, लिहायला शीक, पुढच्या लेखावर तुझंही नाव येईल. तू प्रेमाने म्हणाली होतीस. मला ते शिक्षिकेचं बोलणं वाटलं.

पिसिलासाठीच्या परवानगीपत्रावर घरातला कर्ता म्हणून मी सही केली होती. बाबा गेलेले, आई न्यूझीलंडला कामावर, म्हणून मी. त्यात लिहिलं होतं की परवानगी केव्हाही मागे घेता येईल, कारण देण्याची गरज नाही. ते वाक्य मी कॉलेजच्या लायब्ररीत दुपारी तीनदा वाचलं. कारण देण्याची गरज नाही, हे वाचून मला केवढं बळ आलं म्हणून सांगू. संपादकांना तीन ओळींची मेल केली. कुटुंबाची परवानगी नाही, फोटो आणि वर्णन काढून टाकावं. फोटो आणि वर्णन काढल्यावर त्या लेखात उरणार काय होतं? मला वाटलं, तू रडत येशील, भांडशील, मी मोठ्या मनाने मेल परत घेईन आणि ग्रँट एकटाच विमानात बसेल. तू आलीच नाहीस. एका शब्दानेही विचारलं नाहीस.

पण हे सगळं तुझ्याशी केलेलं. पिसिलाशी केलेलं अजून सांगायचंय.

ती रोज विचारायची, पुस्तक आलं? मी टाळायचो. एकदा कामावरून वैतागून आलो होतो, तिने पुन्हा विचारलं, आणि मी म्हणालो, पुस्तकवाल्यांनी नको म्हटलं. तिने विचारलं, का? विषय संपावा म्हणून मी म्हणालो, पक्षी अर्धवट राहिलेत म्हणे. लेसिएली, त्या शनिवारपासून तिने एकही पक्षी सोडला नाही. सगळे काळेभोर भरले. बायकांनी विचारलं तर म्हणायची, पुस्तकवाले रागावतात. बायकांना वाटलं, असेल काहीतरी तिच्या डोक्यात. मला सगळं माहीत होतं, आणि मी गप्प बसून बादल्या भरत होतो. नंतर शनिवारी जाणंच बंद केलं.

गेल्या महिन्यात संपादकांचं पत्र सेंटरच्या पत्त्यावर आलं, कुटुंबाच्या नावे. कुटुंबाच्या इच्छेवरून मागे घेतलेल्या त्या लेखाबद्दल काही फेरविचार आहे का, असं अदबीने विचारलेलं. कुटुंबाच्या नावे, म्हणजे ते आत्याकडे गेलं. बाबांची थोरली बहीण, तिच्या शब्दापुढे आमच्या घरात अजून कुणी गेलेलं नाही. तिने मला बोलावलं आणि पत्र माझ्यापुढे सरकवलं. मी सगळं कबूल करत होतो तोवर ती ऐकत राहिली. मला वाटलं, तुझ्यावरून बोलेल. तुझं तिने नावही काढलं नाही.

ती म्हणाली, “तू पिसिलाला बहीण मानलंच नाहीस. लेकरू मानलंस. बहीण मानली असतीस तर तिच्यासाठी सही करायला तुझा हात उचलला नसता.”

तुझा भाऊ आठवतो मला. आपल्यात बहिणीचा मान भावाहून वरचा, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तू घरात आलीस की तो उठून ओसरीवर जायचा, तुझ्यासमोर कधी आवाज चढवला नाही, तू मागशील ते द्यायचा. दहाव्या वर्षी मलाही बाहेरच्या खोलीत झोपायला पाठवलं होतं, कारण घरात बहीण होती. पण मी पिसिलाच्या खोलीत केव्हाही शिरायचो. तिची नखं कापायचो, केस ओढून चिडवायचो, पाहुण्यांनी तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायचो. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, चोवीस पूर्ण झालेली. पण डाऊन सिंड्रोम आहे म्हणून तिची वर्षं आमच्या घरात कुणी मोजलीच नाहीत. मी याला माया समजत होतो. सगळे मला चांगला भाऊ म्हणायचे.

रविवारी चर्चहून आल्यावर, कमरेला गुंडाळलेली मानाची चटई न सोडता, मी तिच्या दाराबाहेर जमिनीवर बसलो. आत गेलो नाही. खरं सांगितलं. पुस्तकवाले रागावले नव्हते, मी खोटं बोललो, पुस्तकाला नको मी म्हटलं. तिला समजायला वेळ लागला असं मी लिहिलं तर तेही खोटं होईल. तिला लगेच समजलं. ती म्हणाली, “माझे पक्षी होते. तुझे नव्हते.” आणि दार लावून घेतलं. चार दिवस तिने माझ्या हातचं ताट घेतलं नाही.

पाचव्या दिवशी तिने दार उघडलं आणि सांगितलं, पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. सेंटरमध्ये तुझी जुनी प्रत होती. मी उंबऱ्याबाहेर बसून एकेक ओळ आपल्या भाषेत करून वाचली. सांगताना लाज वाटते, पण तो लेख तिला आजवर कुणी वाचून दाखवला नव्हता. मीही नाही, आणि रागावू नकोस, तूही नाही. काही ठिकाणी ती हसली. एका ठिकाणी म्हणाली, असं नव्हतं, बायका आधी चिडल्या होत्या, लेसिएलीने ते लिहिलंच नाही. मग तिने मला थांबवून विचारलं, ही आना कोण? मी सांगितलं की नियमाप्रमाणे खरं नाव लपवतात, आना म्हणजे तूच. “मग आनाची सही घ्या,” ती म्हणाली.

आता हे पत्र का लिहिलं ते. माफी मागण्यासाठी लिहिलेलं नाही; ती मागायची इच्छा प्रत्येक ओळीत झाली आणि प्रत्येक ओळीत मी ती गिळली. हे पत्र पिसिलाने लिहायला लावलं आहे. सोबत नवं परवानगीपत्र आहे. त्यावर तिची एकटीची सही आहे, शेवटचं अक्षर रेषेबाहेर गेलंय, आत्या साक्षीदार. संपादक मार्चअखेरपर्यंत लेख घेतील. पिसिलाच्या अटी तीन. लेखात तिचं खरं नाव हवं. बायका आधी चिडल्या होत्या हे लिहायला हवं. आणि पाठवण्याआधी तू स्वतः येऊन सगळा लेख तिला वाचून दाखवायचा, कारण माझं वाचणं तिला आवडलं नाही. तू येशील त्या शनिवारी मी गोदामात जादा पाळी मागून घेईन, म्हणजे तुला माझ्यासमोर यावं लागणार नाही. ही अट मात्र तिची नाही, माझी आहे. पूर्वी पत्राच्या शेवटी मी जे लिहायचो ते आज लिहिण्याचा मला हक्क नाही, म्हणून मी जो आहे तेवढंच लिहितो.

पिसिलाचा धाकटा भाऊ,
केलेपी