मूळ प्रत तांदळाच्या डब्यात

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी ७

काल रत्नागिरीहून गावी जाऊन आलो. थोरल्या भावाला, भिकादादाला, जाऊन सहा महिने झाले. देवळात मानकऱ्यांची बैठक होती. यंदा शिमग्याला पालखीपुढे गाऱ्हाणं कोण घालणार, हा विषय. तीस वर्षं दादाच घालायचा. तो गावासाठी देवाकडे मागणं मागायचा आणि प्रत्येक मागण्याला लोक "व्हय म्हाराजा" म्हणायचे.

कोणी बोलेना, म्हणून मी उभा राहिलो. सांगितलं की दादाचं गेल्या वर्षीचं संपूर्ण गाऱ्हाणं माझ्याकडे डिजिटल रेकॉर्डरवर आहे. पाठ करून मीच घालीन. भावाचा मान भावाकडे राहील.

बाबू गुरव म्हणाला, "बगा हां, गाऱ्हाणा टेलिफोनवरनं घालत न्हाईत." सगळे हसले. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला आवाजातलं काय कळतं, ते यांना काय माहीत.

५ फेब्रुवारी

ऐकण्याआधी दुसरी प्रत काढायला हवी. मूळ प्रत सारखी वाजवणं बरं नाही. मेमरी कार्ड चष्म्याच्या डबीत आणि डबी तांदळाच्या डब्यात. आपल्याकडच्या दमट हवेत तांदळाइतकं खात्रीचं काही नाही. डबीवर चिठ्ठी लावली आहे : मूळ प्रत. हात लावू नये. घरात मी एकटाच, तरी लिहिलेलं बरं.

दादाच्या अजिंक्यचा मुंबईहून फोन. "काका, ऐकलंत का बाबांना?" म्हटलं, अजून फॉरमॅट ठरायचा आहे.

९ फेब्रुवारी

ठरला. वेव्ह फाइल, चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ. एमपीथ्री जागा कमी खाते, पण आवाजातलं बारीकसारीक गाळते. वाक्य सुरू करण्याआधी दादा जरासा खाकरायचा. ते गाळलं तर उरलं काय?

गेल्या वर्षी मी त्याला म्हटलं होतं, घरी एकदा सावकाश म्हण, नीट रेकॉर्ड करतो. तर म्हणाला, "गाऱ्हाणा म्हंजे काय पाडं हायत? देवासमोर एकदाच बोलायचा." आडमुठा माणूस. म्हणून तर या एका प्रतीला एवढी किंमत.

१६ फेब्रुवारी

प्रत कशावर ठेवायची? सीडीला बुरशी धरते. पेन ड्राइव्ह हरवतो. हार्ड डिस्क पडली की संपली. दुकानदार म्हणाला, क्लाउडवर ठेवा. दादाला कुठल्या तरी परक्या मशीनवर ठेवणं मला पटत नाही. निर्णय पुढच्या रविवारी.

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. घरात नवे सेल दोनच. ते रेकॉर्डरसाठी राखून ठेवले.

२ मार्च

आज ऐकायचं नक्की ठरवलं होतं. तेवढ्यात दूधवाला आला. मग शेजारच्या बागेत आंब्यावर फवारणीचा पंप सुरू झाला. अशा कामाला शांतता लागते.

दुपारी पंप थांबला. पण जेवण झालं होतं.

६ मार्च

शिमगा एका आठवड्यावर. पाठांतराची काळजी नाही. शाळेत माझंच पाठांतर चांगलं होतं. दादा दोनदा नापास झाला होता.

८ मार्च, शनिवार. सकाळी १०

कार्ड काढलं, तांदूळ झटकले, रेकॉर्डरमध्ये घातलं. कार्डावर काहीही नाही. एकही फाइल नाही.

सरळसरळ विश्वासघात. कार्डाचा, नाहीतर दुकानदाराचा. कदाचित तांदूळही जुना होता.

सकाळी ११

अजिंक्यला फोन केला. म्हणाला, "काका, रेकॉर्डिंग कार्डवर जायला सेटिंग बदलावं लागतं. बदललं नसेल तर ते मशीनच्या आतल्या मेमरीत असणार." हे त्याने गेल्या वर्षीच सांगायला हवं होतं.

आतली मेमरी उघडली. पूर्ण भरलेली. सगळ्या गेल्या शिमग्याआधी मी घेतलेल्या चाचण्या. मिक्सर, वेव्हमध्ये. मिक्सर, एमपीथ्रीमध्ये. कोंबडा. पंखा, पन्नास मिनिटं. शेवटची फाइल दोन मिनिटांची. तिच्यात मी बोलतोय : दादा थांब, लेव्हल बघतो. दादा म्हणतो, "झाला काय रे तुजा?" मी म्हणतो, अजून एक मिनिट. ढोल थांबतो. दादा खाकरतो. "बा देवा म्हाराजा" म्हणतो. पुढे जागा नाही.

खाकरणं मात्र स्वच्छ आलं आहे.

९ मार्च

गावी जाऊन मानकऱ्यांना सांगितलं, तांत्रिक बिघाड. बाबू गुरवने मला चहा आणून दिला. त्याने टेलिफोनवरून टोमणा मारायला हवा होता.

गाऱ्हाणं लवू घालणार. तोच, स्टँडवर रिक्षा लावतो तो. त्याला सगळं येतं, शब्दन् शब्द. मी विचारलं, दादाने तुला कधी शिकवलं? म्हणाला, "शिकवलान न्हाय काका. बारा वर्सा बाजूला उभा ऱ्हायलो, व्हय म्हाराजा बोललो. मग येतंच."

सख्खा भाऊ शहरात बसलेला, आणि विद्या रिक्षावाल्याला. दादाकडून ही अपेक्षा नव्हती. मला एका शब्दाने बोलला नाही. आणि मग निघूनच गेला.

१३ मार्च, गुरुवार

शिमगा. रेकॉर्डर घरीच ठेवला. मुद्दाम. आता कशालाच अर्थ नाही.

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली. लवूने घातलं. आवाज पातळ आहे, पण ठीक. पीक मागितलं, मुंबईकरांची खुशाली मागितली. मग म्हणाला, "बा देवा म्हाराजा, माजा बारका भाव रत्नागिरीत एकटा ऱ्हातो. कुणाला काय सांगत न्हाय. त्याला उना पडू देव नको, त्याच्यावर नजर ठेव म्हाराजा." सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा.

लवूला भाऊच नाही. एकुलता एक आहे. ऐकीव पाठांतरात अशा चुका होतात. नंतर त्याला बाजूला घेऊन चूक दाखवून दिली.

म्हणाला, "चूक न्हाय काका. दादा दर वर्साला ह्येच बोलायचे. मी हाय तसा बोललो, बदलायचा धीर झाला न्हाय. तुमी तवा कदी कॅमेऱ्यात, कदी मशीनमदी बगत असायचाव."

त्या वाक्याला मलाही व्हय म्हाराजा म्हणायचं होतं. राहून गेलं. तेव्हा मी चूक टिपत होतो.

१५ मार्च, शनिवार. सकाळी

तांदूळ निवडले. भात टाकला. रेकॉर्डरमधला एक सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला. रेडिओवर बातम्या लागल्या, तेव्हा काटे जुळवले.