सत्तेचाळीस नंबरचा शर्ट

भावोजी,

तुम्हाला फाशी देऊन आठ महिने झाले. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं माहीत नाही, तरी लिहितोय.

आमच्या लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॉलरला आतून नंबर घालतात. तुमचा सत्तेचाळीस. खून झालेल्या माणसाच्या प्रेताजवळ सापडलेल्या शर्टावर तोच होता, आणि तो ओळखला मी. तुमच्या वकिलाने मला कोर्टात विचारलं, "एक नंबर दोघांचा असू शकतो का?" मी छाती काढून म्हणालो, "आमच्याकडे घोळ नसतो, साहेब." तुम्ही पिंजऱ्यातून म्हणालात, "अहो मेहुणे, नीट आठवा की." मी आठवलं नाही.

परवा माळा आवरताना जुनी वही निघाली. तुमच्या आधी सत्तेचाळीस एका ड्रायव्हरचा होता. तो शहर सोडून गेला, आणि रिकामा झालेला नंबर मी तुम्हाला दिला. अक्षर माझंच आहे. त्याच्या जुन्या शर्टांवर नंबर तसाच राहिला असणार.

तुम्ही नुसते तुरुंगात असता, तर वही घेऊन धावत सुटलो असतो. आता धावून कुठे जाऊ? मी दहा चादरींना इस्त्री केली. रडू आलं नाही.

ताई तुम्हाला शेवटचं भेटायला आली नाही. "माझा भाऊ खोटं बोलणार नाही," एवढंच म्हणाली. हल्ली दुकानात माझ्या शेजारी बसून घड्या घालते. तिला सांगायला हवं, हे कळतं मला. काल ती आपणहून म्हणाली, "तू होतास म्हणून सावरले रे."

मी म्हटलं, "बघ जरा, गिऱ्हाईक आलंय."

तुमचा,
मेहुणा