टिकल्यांचं गणित

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.
पाटीवर सरस्वती काढली. (आईनं काढली. मी काढलेली पुसून.) लेकीच्या, ईशानीच्या अभ्यासाचा आज शुभारंभ. वय दहा महिने. तसा उशीरच झालाय. वेबिनारवाले सर म्हणतात की मेंदूची खिडकी जन्मल्या दिवशी उघडते आणि मग रोज थोडी थोडी मिटत जाते. म्हणजे दहा महिने आम्ही पडदा ओढून बसलो होतो.
पद्धत सोपी आहे. मोठ्या लाल अक्षरांत एक शब्द लिहिलेलं कार्ड बाळासमोर सेकंदभर धरायचं, मोठ्यानं म्हणायचं, की पुढचं. सकाळी, संध्याकाळी, झोपायच्या आधी. बाळ कंटाळायच्या आत थांबायचं आणि आनंदानं ‘संपलं!’ म्हणायचं. परीक्षा कधीही घ्यायची नाही. दोन वर्षांची होईपर्यंत वाचन, अडीचला बेरीज-वजाबाकी. तिसऱ्या वर्षी काय करायचं ते अजून ठरलं नाही.
आईनं जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला. कर्जतच्या बाजारपेठेतली निम्मी दुकानं तिच्या विद्यार्थ्यांची आहेत. ती म्हणाली की तू स्वतः दुसरीपर्यंत ‘ळ’ उलटा काढायचास. मी म्हटलं, तेच तर! मला कोणी वेळेवर कार्डं दाखवली असती तर आज कुंभिवलीच्या फॅक्टरीत बाटल्यांची बुचं तपासत बसलो असतो का?
यावर ती उठून चहा टाकायला गेली. पटलं असावं.

१४ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी.
पहिलं सेशन. नाक, कान, दूध, आई, बाबा. ईशानीनं ‘नाक’ खाल्लं. म्हणजे रस आहे.
संध्याकाळी. ‘कान’ही खाल्ला. उद्या लॅमिनेशन.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार.
गणिताची कार्डं केली. एका कार्डावर एक लाल ठिपका, दुसऱ्यावर दोन, असं वाढत जायचं. मार्करनं ठिपके लहानमोठे येतात. क्वालिटी कंट्रोलमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला असले ठिपके बघवत नाहीत. मग एकदम सुचलं. टिकल्या! गोल, लाल, सगळ्या एका मापाच्या, मागे गोंद. बायकोची, ऋजुताची पाकिटं संपवली, मग आईची, मग बाजारातून आणली. दुकानदारानं (आईचाच विद्यार्थी) विचारलं, घरी लग्न निघालंय का?
सत्तेचाळीसचं कार्ड तर फ्रेम करण्यासारखं झालंय.
ऋजुता बिनटिकलीची नेरळला दवाखान्यात गेली. दातांची डॉक्टर आहे, मास्क लावते, कोण बघतंय? तिचं म्हणणं कपाळ मास्कच्या वर असतं. बायकांना दूरदृष्टी नसते.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.
एक निरीक्षण. मी समोर बसलो की ईशानी डोळे मिटून घेते. घट्ट. मैना आमच्याकडे दिवसभर ईशानीला सांभाळते, डोंगराकडच्या वाडीतून येते. ती म्हणाली, “दादा, तुमची गाडी खाली वाजली का पोर डोळं मिटती. कार्डा दिसाया पन लागत नाय.” मी तिला समजावलं की याला एकाग्रता म्हणतात. ऋषीमुनी डोळे मिटूनच बसायचे. मैना म्हणाली, “आसंल बा.”
‘संपलं!’ म्हटलं की मात्र डोळे उघडते आणि टाळ्या वाजवते. शिकल्याचा आनंद! चेहऱ्यावर दिसतो.
ता. क. मी घ्यायला गेलो की आईच्या खांद्यात तोंड खुपसते. सकाळी गॅस सिलिंडरवाल्याकडे मात्र हसत गेली. शिक्षकाचा वचक असायचाच.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा.
शाळेपासूनचा मित्र सिद्धांत शेलूहून फराळाला आला. नव्या टॉवरमध्ये अकरावा मजला घेतलाय, ते सांगून झालं. मग म्हणाला की त्याचा नऊ महिन्यांचा मुलगा धरून उभा राहतो. ईशानी अजून बसल्या बसल्या सरकते. मी म्हणून गेलो की आमची वाचते.
तोंडात चकली असताना माणसानं बोलू नये.
सिद्धांत म्हणाला, दाखव. ती झोपली होती. खरोखर झोपली होती, देव आहे. व्हिडिओ पाठवतो म्हटलं.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.
व्हिडिओ काढला. समोर ‘आई’ आणि ‘दूध’ ही दोन कार्डं. ईशू, दूध कुठंय? आधीच्या टेक्समध्ये ती रडली, ‘आई’ उचललं, फोन उचलला, माझा चष्मा उचलला. शेवटच्या टेकमध्ये ‘दूध’ उचललं! त्या कार्डाला बासुंदी लागली होती हा निव्वळ योगायोग. बाकीचे टेक्स डिलीट.
परीक्षा घ्यायची नसते हे मान्य. पण ही परीक्षा नव्हे, प्रात्यक्षिक. आणि यात खोटं काय? फॅक्टरीतसुद्धा साहेबांना दाखवायचं बूच आपणच निवडतो.
सिद्धांतला पाठवला. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सोसायटीच्या ग्रुपवर चुकून गेला. काढून टाकणार होतो, पण तेवढ्यात अंगठे यायला लागले, मग लोकांचा हिरमोड कशाला करा.

७ नोव्हेंबर, गुरुवार.
सिद्धांतनंही मुलाला कार्डं सुरू केली. रोज रात्री जेवणानंतर मार्गदर्शनासाठी फोन. मी मोकळ्या मनानं सांगतो. ज्ञान दिल्यानं वाढतं.
जिन्यात जागृतीकाकू भेटल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष. म्हणाल्या, अरे अनुपम, तुझी लेक म्हणजे कर्जतचं नाव काढणार. मी नम्रपणे हो म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार.
ईशानी टिकल्या सोलून काढते आणि दिसेल तिथे लावते. फ्रिज, मैनाची पिशवी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. आज एक माझ्या हेल्मेटच्या आत होती. पुण्याहून कस्टमर ऑडिटला आले होते. मी त्यांच्यासमोर तासभर ‘डिफेक्ट शून्यावर कसे आणावेत’ यावर बोललो. माणसं फार लक्ष देऊन माझ्या कपाळाकडे बघत होती. मला वाटलं, विचारांचं तेज.
आरशात नंतर बघितलं.
सत्तेचाळीसच्या कार्डावर आता सत्तेचाळीस नाहीत. मी तरी ‘सत्तेचाळीस’ म्हणूनच दाखवतो. मुलांसमोर सातत्य महत्त्वाचं. आई म्हणाली, आधी तू मोजायला शीक.

१ डिसेंबर, रविवार.
सिद्धांतचा मुलगा ‘हत्ती’ वाचतो म्हणे. गुरुवारी ‘विमान’ वाचलं. आज ‘अगरबत्ती’! दहा महिन्यांच्या पोराला काय करायचीय अगरबत्ती?
खोटं बोलतोय लेकाचा. पण तसं म्हणावं तर तो विचारणार, तुला रे कसं कळलं? म्हणून अभिनंदन केलं. आणि ईशानी आता वाक्यं वाचते असं सांगितलं.
निश्चय: उद्यापासून सेशन्स दुप्पट.

८ डिसेंबर, रविवार. ईशानीचा पहिला वाढदिवस.
ऋजुताचे बाबा हरीभाऊ भिवपुरीहून आले. पॉवर हाऊसमध्ये नोकरी झालेली, अजून कोणाच्याही घरी आले की आधी मीटर बघतात. ईशानी त्यांच्या मिशीला लोंबकळून खदाखदा हसत होती. सगळ्यांनी तिला कडेवर घेऊन फोटो काढले. सगळे फोटो छान आले. माझ्याबरोबरच्या प्रत्येक फोटोत तिचे डोळे मिटलेले. फोटोग्राफर म्हणाला, फ्लॅशमुळे होतं असं.
पाहुणे गेल्यावर ऋजुता म्हणाली की अनुपम, ती वाचेल रे, शाळेत सगळीच वाचतात. आधी तुझ्याजवळ येऊ दे की. मी म्हटलं, कार्डं बंद केली तर आजवरची मेहनत वाया. ती म्हणाली, कोणाची?
मी भिंतीवरचे फुगे काढायला लागलो. वाईट वाटलं. उगाच काय लपवायचं, खूप वाईट वाटलं. सेशन न करता झोपलो.

९ डिसेंबर, सोमवार.
सेशन केलं.

२३ डिसेंबर, सोमवार.
घात झाला. संक्रांतीनंतरच्या रविवारी महिला मंडळानं सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या बाळांचं एकत्र बोरन्हाण ठेवलंय. आणि जागृतीकाकूंनी ग्रुपवर टाकलंय: ‘विशेष आकर्षण: तेरा महिन्यांची ईशानी वाचून दाखवणार.’ सोबत माझा फोटो. कॉलेजचा, मिशी असलेला. कुठून मिळवला कोण जाणे.
मी वर काकूंकडे जाऊन सांगितलं की बाळ लहान आहे, गर्दीत बुजेल. काकू म्हणाल्या, अरे, व्हिडिओत किती धीट आहे! लहान मुलांच्या डॉक्टरांनाही बोलावलंय. सिद्धांतचाही मेसेज आला की तो सहकुटुंब येतोय, बघून शिकायला.
ऋजुता म्हणते, खरं सांगून टाक. कोणाकोणाला सांगू? नातेवाइकांच्या ग्रुपवर तर न्यू जर्सीची मावशीसुद्धा आहे.

५ जानेवारी, रविवार.
नवा प्लॅन. एकच शब्द पक्का करायचा: ‘बोर’. प्रसंगाला शोभेल आणि खायचं असल्यानं लक्ष राहील. दिवसभर तेवढंच. संध्याकाळपर्यंत मैनाला पाठ झालं. ईशानीला तिनं बोरं भरवली, बिया काढून. मी कार्ड घेऊन आल्यावर ईशानीनं तोंडातलंही थुंकून टाकलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
ऋजुतानं हलव्याचे दागिने आणले. मुकुट, हार, बाजूबंद. पोर राजकन्या दिसते. तिळगूळ देताना आई म्हणाली, गोड बोल आणि खरं बोल. दोन्ही एकदम कसं जमायचं?
ईशानीला सर्दी व्हावी असं मनात आलं. लगेच देवाची माफी मागितली आणि मला व्हावी असं म्हटलं. नाही झाली. हरीभाऊंना विचारलं, त्या दिवशी हॉलची लाइट जाऊ शकते का? ते म्हणाले, आमच्या वेळी गेली असती.

१९ जानेवारी, रविवार. बोरन्हाण.
लिहावं की नाही ठरत नाहीये. लिहितो.
हॉल भरलेला. काळी झबली घातलेली बाळं पाटावर ओळीनं. समोर मोठी मुलं पिशव्या उघडून टपलेली. कधी एकदा बोरं ओततात आणि आपण गोळा करतो! जागृतीकाकू बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि चॉकलेटांचं पातेलं घेऊन ईशानीच्या मागे उभ्या. म्हणाल्या की आधी वाचन, मग न्हाण. सगळ्यांनी फोन वर धरले. सिद्धांत पहिल्या रांगेत, मांडीवर मुलगा. घाम त्यालाही फुटला होता.
मी ‘बोर’ कार्ड वर धरलं.
ईशानीनं डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघितलं. सरळ, माझ्या डोळ्यांत. आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली,
“सप्पं!”
आणि टाळ्या वाजवल्या.
काकूंना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी पातेलं उपडं केलं. पोरं तुटून पडली. कार्डं पायाखाली गेली, सत्तेचाळीसचं कोणाच्या तरी पँटला चिकटून गेलं. सगळा हॉल हसत होता, टाळ्या वाजवत होता. वाचनाचं कोणाला आठवलंही नाही. मी सुटलो.
तिचा पहिला शब्द. मला बघून म्हणाली.

२० जानेवारी, सोमवार.
सिद्धांतचा फोन. आवाज रडवेला. म्हणाला की त्याचा मुलगा एक अक्षर वाचत नाही, कधीच वाचलं नाही. माझ्या व्हिडिओनं त्याचं डोकं फिरलं, म्हणून बोलत गेला. घरात रोज भांडणं. मुलगा त्याला बघून कॉटखाली जातो.
मला सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, धीर सोडू नकोस, प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो.
फोन ठेवल्यावर ऋजुता ईशानीला उचलून बाहेर गेली. आज माझ्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही. तिघी बाहेर हसतायत.
तसं पाहिलं तर ‘संपलं’ हा शब्द तिनं योग्य वेळी, योग्य अर्थानं वापरला. म्हणजे पद्धत यशस्वी झाली असंही म्हणता येईल.
कोणी म्हणत नाहीये.

२२ जानेवारी, बुधवार.
सिद्धांतला खरं सांगितलं. बासुंदीसकट. तो बराच वेळ शिव्या देत होता. मग दोघंही हसलो. तो आधी थांबला.

२६ जानेवारी, रविवार. दुपार.
आई आणि ऋजुता झेंडावंदनाहून परस्पर भिवपुरीला गेल्या. मैनाची सुट्टी. घरात मी आणि ईशानी. मी लांब, दाराजवळ जमिनीवर बसलो. हात रिकामे आहेत हे तिला दिसावं म्हणून पुढे पसरून ठेवले.
तिनं आधी माझ्या हातांकडे बघितलं. मग सरकत सोफ्याखाली गेली आणि एक कार्ड घेऊन आली. माझ्यापुढे बसली आणि ते अगदी माझ्या नाकासमोर धरलं. भुवया आवळलेल्या. ओरडली, “आं!” लगेच खाली. पुन्हा वर. “आं!” हुबेहूब मी.
कार्डावर काही नव्हतं. सगळ्या टिकल्या तिनं कधीच्याच काढलेल्या. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा माझे डोळे आपोआप मिटले.
“सप्पं,” ती म्हणाली.
डोळे उघडले तर ती माझ्या मांडीवर चढत होती. बसली. दंडावर डोकं टेकलं आणि झोपली.
हे फोनवर एका हाताच्या अंगठ्यानं लिहितोय. दुसरा हात तिच्या डोक्याखाली अडकलाय. पाय केव्हाचाच बधिर झालाय, कुकर गॅसवर ठेवलाय आणि त्याच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतायत. उठायला हवं. पण हललो तर ती जागी होईल, म्हणून बसून आहे.